अडुसष्ट टक्क्यांचं काय करायचं?

अगं, दहावीचा निकाल लागल्यापासून तू खोलीतून बाहेर आली नाहीस, असं काकू सांगत होत्या. शेजारच्या मुलीला 91 आणि तुला 68, एवढंच डोक्यात घेऊन बसलीयस म्हणे. आता ‘मार्कांनी काही होत नाही गं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मी तसं सांगणार नाही, कारण ते खरं नाही. आपल्याकडे मुलाला 50 टक्के पडले तर घरात आयटीआय, गॅरेज, वाळूजची कंपनी असली चर्चा होते. मुलीला तेवढेच पडले की एखादी आत्या हळूच स्थळाचा विषय काढते. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतच काय, मराठवाड्यात कुठेही जा, मुलीचं पुढचं शिक्षण तिच्या मार्कांवर तोललं जातं. हा अन्याय आहे. पण तो आहे तोवर तुझे 68 टक्के तुझ्या हातात आहेत, आणि त्यावर तुला ठामपणे बोलता आलं पाहिजे.

आधी हा आकडा बनतो कसा ते बघ. राज्याचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. 2019 मध्ये तो एकदम 77.10 वर आला. पोरं एका वर्षात ढ झाली होती का? त्या वर्षी बोर्डाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडून मिळणारे 20 गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत दिले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. 2021 मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, शाळेच्या मूल्यमापनावर निकाल लावला आणि 99.95 टक्के मुलं पास झाली. 2019 ची मुलं आज कुठे कुठे नोकरीला आहेत, पण ‘त्या वर्षी कमी पडले’ हे त्यांना अजून सांगावं लागतं. तेव्हा मुलांची तुलना करताना वर्ष आणि पद्धतही विचारायला हवी, आणि हे घरातल्या मोठ्यांनाही सांग. त्यांच्या वेळचे 60 आणि आताचे 60 एकाच तराजूत बसत नाहीत.

पण तुझ्या गुणपत्रिकेत जे लिहिलंय ते नीट वाच. एकूण टक्के बाजूला ठेव आणि विषयवार बघ. शंभरपैकी 35 ला पास म्हणतात, पण गणितात काठावर पास झालेल्या मुलीने सायन्स घेतलं तर अकरावीत तिची दमछाक होते. बेस्ट ऑफ फाइव्हमुळे सर्वांत कमी गुणांचा विषय टक्क्यांतून गळून जातो. तो विषय कोणता, हे तू विसरू नकोस, तिथेच खरी माहिती आहे. एखाद्या विषयात गुण अगदीच अनपेक्षित वाटले तर रडत बसू नकोस. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, ती शिक्षकांना दाखवून पुनर्मूल्यांकनाला अर्ज करता येतो. त्याची मुदत थोडी असते, म्हणून शाळेत लवकर जा. तुझी ती मैत्रीण, एका विषयात राहिलेली, तिलाही सांग की एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. वर्ष वाया जात नाही. हे तिला घरी कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

गुणांचं पुढे काय होतं याचं एक जवळचं उदाहरण घे. आपल्या छावणीच्या शेजारी नागसेनवन आहे. 1950 मध्ये बाबासाहेबांनी जे मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, त्याच्या समोरून तू किती वेळा गेली असशील. बाबासाहेब 1907 मध्ये मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. आजच्या हिशोबाने 38 टक्क्यांपेक्षाही कमी. तेव्हाची तपासणी कडक होती, म्हणून हा आकडा आजच्या शेजारी ठेवू नये, पण लोकांनी त्या गुणांचं काय केलं ते बघ. सभा घेऊन त्यांचा सत्कार केला. कृष्णराव केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं आणि पुढे याच गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, त्यातून दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. गुणांनी दार किलकिलं केलं आणि माणसांनी ते उघडलं. तुझ्याकडेही कुणीतरी शब्द टाकणारं हवं, आणि तू स्वतः विचारायला शिकायला हवं. शाळेने तुला नेमकं हेच शिकवलेलं नाही.

शाळा काहीच शिकवत नाही, असं मी म्हणत नाही. दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे, त्यात जीएसटीची बिलं, शेअर्स, म्युच्युअल फंड सगळं आहे. तू ती गणितं सोडवलीस, पैकीच्या पैकी गुणही घेतलेस. पण औषधाच्या दुकानातून आजीची गोळी आणताना बिलावर कर किती लागला, ते बघितलंस का? जलसुरक्षा नावाचा श्रेणीचा विषय आहे. ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार यावर घराघरातलं वेळापत्रक ठरतं, तिथल्या मुलींना जलसुरक्षेचा प्रकल्प कुणाच्या तरी वहीतून उतरवून काढावा लागतो, आणि त्याला ‘अ’ श्रेणी मिळते! स्व-विकास हाही श्रेणीचाच विषय. ज्याचे टक्के नाहीत त्याकडे घर, शाळा आणि क्लास तिघेही दुर्लक्ष करतात. मोठेपणी मात्र त्याच गोष्टींवर आपलं निभावतं. वाळूजमध्ये कंत्राटावर लागलेली पोरं पगाराची स्लिप न वाचता सही करतात, पीएफ कापला जातो का हे दोन-दोन वर्षं विचारत नाहीत. पास झालेलीच असतात ती सगळी.

म्हणून मी सांगते, अकरावी सुरू होईपर्यंतचे हे दिवस वाया घालवू नकोस. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवता येतं. तुझं नसेल तर ते उघड आणि पैसे काढण्याची चिठ्ठी बाबांना भरायला देऊ नकोस. गुरुवारच्या बाजारात आईबरोबर जा, भाव तू कर, हिशोब तू ठेव. एखाद्या सरकारी कार्यालयात उत्पन्नाचा दाखला काढायचा असेल तर सोबत जा, पण खिडकीवर बोल तू. पहिल्यांदा आवाज अडखळेल, पुढच्या वेळी कमी अडखळेल.

दिशा ठरवताना फक्त कला, वाणिज्य, विज्ञान एवढंच डोक्यात ठेवू नकोस. उस्मानपुऱ्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, तिथे दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे साचे आणि टूल बनवण्याचं शिक्षण मिळतं. मुली तिथे कमी जातात, कारण त्यांना कुणी नेऊन दाखवतच नाही. तुला चित्र काढताना मापं बरोबर यायची, हे मी पाहिलंय, म्हणून हे नाव घेतलं. आणि पुढे व्यावसायिक पदवीला जायचं झालं तर, 8 लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून व्हावा लागतो. ‘पैसे कुठून आणायचे’ हा प्रश्न घरात निघेल, तेव्हा ही माहिती तुझ्या तोंडी पाहिजे.

आणि स्थळाचा विषय निघालाच, तर घाबरून गप्प बसू नकोस. अठरा पूर्ण होण्याआधी लग्न लावणं हा कायद्याने गुन्हा आहे. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, तो पाठ कर आणि मैत्रिणींनाही दे. त्याआधी मला फोन कर, मी येऊन बोलेन, काका माझं ऐकतात.

उद्या सकाळी शाळेत जाऊन गुणपत्रिकेच्या दोन झेरॉक्स काढून ठेव. अकरावीचा अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो. क्लासवाल्या दादाकडून भरून घेऊ नकोस. महाविद्यालयांचा पसंतीक्रम तू लाव, पासवर्ड तुझ्याकडे ठेव. अडलं तर मी आहे.