संशोधनाकडून उद्योगाकडे : तरुण शास्त्रज्ञांचा जर्मन अभ्यासदौरा

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील संशोधन-निबंध आज प्रसिद्ध होतो त्याच दिवशी जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात वाचावयास मिळतो. म्युनिकमधील प्राध्यापक जे वाचतो तेच पुण्यातील अथवा नागपुरातील विद्यार्थीही वाचू शकतो. असे असता प्रयोगशाळा पाहण्यासाठी हजारो किलोमीटरचा प्रवास करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

जर्मनीने या प्रश्नाचे उत्तर एका योजनेच्या रूपाने दिले. १९२५ साली स्थापन झालेली जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, म्हणजेच ‘डाड’, ही संस्था परदेशी विद्यार्थ्यांना व अध्यापकांना शिष्यवृत्त्या देण्यासाठी भारतात परिचित आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये जर्मन सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यासाठी २०२५ पर्यंत तीन अब्ज युरोंची तरतूद केली, ती पुढे पाच अब्जांपर्यंत वाढविण्यात आली आणि या विषयाची किमान शंभर नवी प्राध्यापकपदे निर्माण करण्याचा संकल्प सोडण्यात आला. पैसा व पदे यांची सोय झाली तरी माणसे कोठून आणावयाची, हा प्रश्न उरतोच. या पार्श्वभूमीवर ‘डाड’ने निरनिराळ्या देशांतील तरुण संशोधकांना जर्मन विद्यापीठे, संशोधन संस्था आणि नवोद्योग यांची ओळख करून देणारा दौरा आखला. आरंभी त्याचे नाव ‘पोस्टडॉक-नेट-एआय’ असे होते, पुढे ते ‘एआय-नेट’ झाले. प्रत्येक फेरीसाठी एक विषय निश्चित करून त्यात काम करणाऱ्यांचीच निवड होत असे. करोनाच्या काळात भेटीगाठी दृक्‌श्राव्य माध्यमातून पार पडल्या.

अशी योजना जर्मनीला का आवश्यक वाटली, हे समजून घेण्यासाठी मागे जावे लागते.

शोध घरी, लाभ परदेशी

म्युनिक येथील सैनिकी विद्यापीठात एर्न्स्ट डिकमान्स या प्राध्यापकाने कॅमेरे व संगणक बसविलेली एक अवजड मोटारगाडी १९८७ साली वाहतुकीस अद्याप न उघडलेल्या महामार्गावर ताशी सुमारे ९६ किलोमीटर वेगाने चालविली. गाडी चालविणारा संगणक होता. १९९५ मध्ये त्यांच्या पुढील गाडीने म्युनिकपासून डेन्मार्कमधील ओडेन्सेपर्यंतचा सोळाशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास केला. त्यातील सुमारे ९५ टक्के अंतर चालकाच्या हस्तक्षेपाविना पार पडले. स्वयंचलित मोटारीचा विषय सामान्य माणसाच्या कानी येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. तथापि, युरोपीय देशांच्या ज्या संयुक्त प्रकल्पातून या कामाला बळ मिळत होते, तो त्याच सुमारास संपला आणि पुढील दशकात या विषयाचे पुढारपण अमेरिकेकडे गेले.

दुसरे उदाहरण भाषेशी निगडित आहे. वाक्याचा आरंभ शेवटपर्यंत लक्षात ठेवणे यंत्राला फार काळ जमत नव्हते. ‘मुलाने पोळी सकाळी शाळेत जाण्यापूर्वी घाईघाईने खाल्ली’ या वाक्यात क्रियापदाचे लिंग मधले चार-पाच शब्द ओलांडून ‘पोळी’ या शब्दावरून ठरते. तेथे ‘लाडू’ असता तर ‘खाल्ला’ म्हणावे लागले असते. मराठी मूल हे नकळत शिकते. संगणकीय जाळ्यांच्या बाबतीत मात्र शिकवणीचा परिणाम शब्दागणिक क्षीण होत जाई आणि आरंभीच्या शब्दाचा ठसा उमटतच नसे. सेप होखरायटर या विद्यार्थ्याने म्युनिकच्या तंत्र विद्यापीठात १९९१ साली सादर केलेल्या पदविका-प्रबंधात या दोषाचे मूळ दाखवून दिले. प्रबंध जर्मन भाषेत होता. पुढे १९९७ मध्ये त्याने व युर्गेन श्मिडहुबर यांनी त्यावर उपाय प्रसिद्ध केला. कोणती माहिती आत घ्यावी आणि कोणती बाहेर जाऊ द्यावी, हे ठरविणाऱ्या ‘द्वारां’ची योजना त्यात होती. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१५-१६ च्या सुमारास, गूगल कंपनीच्या वाणी-ओळख व भाषांतर सेवांत हीच रचना वापरली गेली. शोध म्युनिकचा, व्यवसाय कॅलिफोर्नियाचा! जर्मनीतील जाणकारांना ही गोष्ट बोचली असल्यास नवल नाही.

दौऱ्यावर पाहण्यासारखे काय

जर्मन कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधन केंद्र १९८८ साली कायझर्सलाउटर्न व झारब्रुकेन येथे सुरू झाले. योगायोग असा की, पुण्याची ‘सी-डॅक’ ही संस्थाही त्याच वर्षी उभी राहिली. जर्मन केंद्राची घडण लक्ष देण्याजोगी आहे. ती नफा न कमावणारी कंपनी असून तिच्या भागीदारांत उद्योगही आहेत. उद्योगाची अडचण संशोधकापर्यंत पोचण्यास तेथे वेगळा अर्ज करावा लागत नाही. ती भागीदारांच्या बैठकीतच मांडली जाते. १९९३ ते २००० या काळात या केंद्राच्या नेतृत्वाखाली ‘फेर्बमोबिल’ हा प्रकल्प झाला. जर्मन, इंग्रजी व जपानी बोलणाऱ्यांचे संभाषण यंत्राने तत्काळ भाषांतरित करावे, हे त्याचे उद्दिष्ट होते. बाजारात त्याचे यंत्र घरोघरी गेले नाही, परंतु त्यावर काम केलेल्या तरुणांची एक पिढी तयार झाली, आणि खर्चाचा हिशेब मांडताना ही जमेची बाजूही धरावयास हवी.

दक्षिणेकडील स्टुटगार्ट व ट्युबिंगेन या शहरांच्या परिसरात २०१६ साली ‘सायबर व्हॅली’ हा उपक्रम सुरू झाला. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचे शासन, माक्स प्लांक संस्था, दोन्ही शहरांतील विद्यापीठे आणि बॉश, डाइमलर यांसारखे उद्योग त्यात एकत्र आले. महाराष्ट्राच्या दृष्टीने या परिसराची ओळख जुनी आहे. मुंबई व स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, आणि महाराष्ट्र व बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत २०१५ मध्ये भागीदारीचा करार झाला.

ट्युबिंगेनमध्ये केवळ संगणक पाहून परतणाऱ्याचा दौरा अर्धाच झाला असे म्हणावे लागेल. या जुन्या विद्यापीठ-नगरीत सायबर व्हॅलीला विरोधही झाला. २०१८ मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठातील व्याख्यानगृह ताब्यात घेतले. उद्योगाचा पैसा संशोधनाची दिशा ठरवील काय, या ज्ञानाचा उपयोग पाळतीसाठी वा युद्धासाठी होईल काय, घरभाडी किती वाढतील, असे त्यांचे प्रश्न होते. अॅमेझॉन कंपनीच्या संशोधन केंद्राला जागा देण्यावरून नगरपरिषदेतही बरीच चर्चा झाली. पुढे, निधी मागणाऱ्या संशोधनाचे सामाजिक व नैतिक परिणाम तपासणारे एक सल्लागार मंडळ या उपक्रमात नेमण्यात आले. अशा मंडळाला नेमके किती अधिकार असावेत याविषयी तेथेही एकमत नाही. परंतु आपल्या कामाविषयी शेजाऱ्याला शंका आहे आणि तिचे उत्तर देणे भाग आहे, हा अनुभव तरुण शास्त्रज्ञाला कोणत्याही निबंधातून मिळत नाही.

नवोद्योगांच्या भेटीत दुसरी बाजू दिसते. कोलोनच्या ‘डीपएल’ कंपनीची भाषांतर सेवा २०१७ साली सुरू झाली. तिच्या मागे ‘लिंग्वी’ या भाषांतरित वाक्यांच्या शोध-कोशाची अनेक वर्षांची पुंजी होती. एकाच वाक्याची दोन भाषांतील रूपे शेजारी-शेजारी मांडलेला साठा हाच येथे खरा कच्चा माल होय. मराठीच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा असे हे स्थळ आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे आठ कोटींहून अधिक लोक आहेत, परंतु मराठी व दुसरी भाषा यांच्या जोडवाक्यांचा साठा युरोपीय भाषांच्या मानाने तुटपुंजा आहे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी यांच्याबाबत तर तो नगण्यच म्हणावा लागेल. मुंबईच्या आय.आय.टी.त झालेला मराठी शब्दजाल-कोश अथवा ‘सी-डॅक’ने भारतीय लिप्यांसाठी केलेले काम हे पायाचे दगड आहेत. त्यावर इमारत उभी करावयाची तर संशोधक, शासन व उद्योजक यांना एका जागी बसावे लागेल. ते कसे बसतात, हे कोलोन वा झारब्रुकेन येथे पाहता येते.

एखादी कल्पना किती गावे फिरते याचे अलीकडील उदाहरण म्हणजे मजकुरावरून चित्र निर्माण करणारी ‘स्टेबल डिफ्यूजन’ ही प्रणाली. तिचे मूळ संशोधन हायडेलबर्ग व म्युनिक येथील विद्यापीठांशी संबंधित गटाचे होते. २०२२ साली तिच्यासाठी लागणारे अफाट संगणकीय बळ लंडनच्या एका कंपनीने पुरविले. त्या गटातील काही तरुणांनी २०२४ मध्ये फ्रायबुर्ग येथे ‘ब्लॅक फॉरेस्ट लॅब्स’ हा स्वतःचा उद्योग काढला. डिकमान्स यांच्या गाडीची गत या शोधाची झाली नाही, याचे कारण शोध मोठा होता एवढेच नाही; शोधकर्त्यांना कंपनी स्थापन करण्याची वाट ठाऊक झाली होती.

परतल्यानंतर

दौरा काही दिवसांचा असतो. एवढ्या अवधीत कोणी नवे गणित शिकत नाही. कोणत्या प्रयोगशाळेत कोणता प्रश्न अडला आहे, तेथील प्रमुख विद्यार्थ्यांना किती मोकळीक देतात, अपयशी प्रयोगांची चर्चा होते की नाही, हे मात्र कळते. म्हणून जाणाऱ्याने स्वतःचा एक नेमका प्रश्न सोबत नेणे इष्ट. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेत रस आहे’ असे सांगणाऱ्याला सौजन्याने चहा मिळतो. ‘कापसावरील गुलाबी बोंडअळी मोबाइलच्या छायाचित्रावरून ओळखताना पावसाळी प्रकाशात चूक का होते’ असे विचारणाऱ्याला फळ्याजवळ नेले जाते.

अशा भेटीतून एखादा तरुण जर्मनीतच राहील, ही शक्यता यजमानांनी गृहीत धरलेली आहे, किंबहुना त्यांचा एक हेतूही तोच आहे. मात्र परतणाऱ्यासाठीही दारे बंद होत नाहीत. माक्स प्लांक संस्थेत काम करून मायदेशी आलेल्या शास्त्रज्ञाला येथे ‘भागीदार गट’ चालविण्यासाठी त्या संस्थेचे साहाय्य मिळू शकते. दोन्ही देशांच्या सरकारांनी २०१० साली गुरुग्राम येथे स्थापन केलेले भारत-जर्मनी विज्ञान व तंत्रज्ञान केंद्र ‘दोन अधिक दोन’ या तत्त्वावर प्रकल्पांना निधी देते. प्रत्येक प्रस्तावात भारतातील एक संशोधन संस्था व एक उद्योग, आणि जर्मनीतील एक संशोधन संस्था व एक उद्योग असावा लागतो. भारतातील दोघे येथे शोधता येतात. उरलेले दोघे कोण, याची पहिली ओळख अशा दौऱ्यात होऊ शकते.