अ‍ॅम्प किती वॅटचा घ्यावा?

गॅदरिंग जवळ आलं की बँडवाल्यांची एक ठरलेली तक्रार असते : घरी खणखणीत वाजणारी गिटार स्टेजवर ऐकूच येत नाही. ड्रमर सुरू झाला की गिटारवाला नुसता हात हलवताना दिसतो. चौघांनी पैसे जमवून अ‍ॅम्प घ्यायचा, तर आधी थोडं गणित समजून घेऊ.

सॉलिड स्टेट म्हणजे काय?
ज्यात व्हॉल्वऐवजी ट्रान्झिस्टर असतात तो अ‍ॅम्प. किमतीला परवडतो, देखभालही कमी. मात्र व्हॉल्व मर्यादेबाहेर गेला की आवाज हळूहळू फाटतो आणि तो कानाला गोडही लागतो. ट्रान्झिस्टर एकदम फाटतो, कर्कश वाजतो. म्हणून सॉलिड स्टेट घेताना ताकद थोडी शिल्लक राहील असा घ्यावा.

वॅट आणि आवाज
वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वाढतो फक्त 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट! तेव्हा 50 आणि 100 वॅटमधला फरक किमतीत जेवढा दिसतो, तेवढा कानाला जाणवत नाही.

स्पीकरकडे बघा
एका वॅटवर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल देतो, ही त्याची संवेदनशीलता. 97 डेसिबलच्या स्पीकरवर 100 वॅट आणि 100 डेसिबलच्या स्पीकरवर 50 वॅट, दोन्हींचा आवाज सारखाच. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

ओहमची मेख
‘100 वॅट’ हा आकडा पुष्कळदा 4 ओहमचा असतो. 8 ओहमचा स्पीकर लावला तर ताकद बरीच कमी मिळते. उलट, मागे लिहिलेल्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर जोडलात तर ट्रान्झिस्टर तापून जळू शकतात.

मग घ्यायचा कोणता?
10-20 वॅटचा अ‍ॅम्प खोलीतल्या सरावापुरता. ड्रमसेटसोबत छोट्या हॉलमध्ये वाजवायचं तर 60 ते 100 वॅट आणि 12 इंची स्पीकर धरून चला. 1975 साली आलेला रोलंडचा जेसी-120 याचं नामांकित उदाहरण : 60 अधिक 60 वॅट, 12 इंची दोन स्पीकर. पण वजन सुमारे 28 किलो, बसमधून न्यायचा विचार आधीच करा! फेस्ताच्या मांडवात किंवा मैदानावर मात्र मोठा अ‍ॅम्प लागतच नाही. समोर माइक लावा किंवा लाइन आउट मिक्सरला द्या, पुढचं काम साउंडवाल्याचं.

खरेदीला जाताना आपलीच गिटार न्या. क्लीन आवाज मोठा करून बघा. जुना अ‍ॅम्प असेल तर प्रत्येक नॉब फिरवून खरखर ऐका.

सरावासाठी : 97 डेसिबलचा स्पीकर तसाच ठेवून 25 वॅटवरून 100 वॅटवर गेलात, तर किती डेसिबल वाढतील? आणि आवाज दुप्पट वाटेल का?