बोटीचे नट-बोल्ट : चकाकी नव्हे, दर्जा पाहा

तलासरी तालुक्यातील झाईपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात बोटींची डागडुजी चालते. बोल्ट विकणारे दुकानदार आणि ते बसविणारे कारागीर यांच्यासाठी ही माहिती देत आहोत. आम्ही कापडाच्या धंद्यातले. मिसळीचे कापड शुद्ध सुती म्हणून खपविले तर गिऱ्हाईकाचे पैसे बुडतात. पण हलका बोल्ट बोटीवर गेला तर खलाशाचा जीव धोक्यात येतो.

स्टेनलेस स्टील कधीच गंजत नाही, हा समज चुकीचा आहे. त्यातील क्रोमियममुळे अंगावर एक अत्यंत पातळ थर बसतो आणि प्राणवायू मिळत राहिला तरच तो टिकतो. समुद्राचे मीठ हा थर भेदते व बारीक खड्डे पडतात. वरून ठीक दिसणारा बोल्ट आतून खाल्लेला असू शकतो.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. २०२ मध्ये निकेल कमी व मँगनीज जास्त असते. तो स्वस्त, पण समुद्रावर निरुपयोगी. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. तो घरगुती कामाला चांगला. ३१६ मध्ये याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते व तेच मिठाला तोंड देते. बोटीसाठी ३१६ च मागावा.

लोहचुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नये. २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही, उलट थंड घडाईमुळे अस्सल ३०४ चा बोल्ट थोडा ओढला जातो. बोल्टच्या माथ्यावरील छाप पाहावा. ‘ए२’ म्हणजे ३०४ चा वर्ग, ‘ए४’ म्हणजे ३१६ चा. ‘ए४-७०’ मधील ७० हा आकडा ताकदीचा : दर चौरस मिलिमीटरला सुमारे ७० किलो ताण. मोठ्या खरेदीत मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या रसायनाचा थेंब टाकून नमुना तपासावा आणि बिलावर दर्जा लिहून घ्यावा.

बसविताना तीन गोष्टी पाळाव्यात. नट आणि वायसर बोल्टच्याच दर्जाचे असावेत. ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टीलचा बोल्ट घालताना मध्ये प्लास्टिकचा वायसर व नळी द्यावी, नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजते. आट्यांना ग्रीस लावून नट सावकाश आवळावा; कोरडा नट घाईने फिरविल्यास जागीच जाम होतो.

पाण्याखालच्या ओल्या लाकडात मात्र ३१६ वरही भरवसा ठेवू नये. तेथे प्राणवायू पोहोचत नाही आणि बोल्ट लाकडाच्या आत, नजरेआड कुजतो. अशा जागी सिलिकॉन ब्राँझ योग्य.

३१६ महाग पडतो, हे खरे. गिऱ्हाईकाला तो परवडत नसेल तर दुकानदाराने स्वस्त मालाचे नाव स्पष्ट सांगून विकावा. २०२ ला ३१६ म्हणणे हा व्यापार नव्हे, फसवणूक आहे.