भीतीपोटी पिशवी काढू नका : कॅन्सरचा उपचार समजून घेऊ या



दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते, बिऱ्हाड बांधले जाते. त्याच सुमारास काही घरांत एक वाक्य ऐकू येते : ‘हिची पिशवी काढून टाकू. पाळीचा त्रास नको, खाडा नको आणि पुढे कॅन्सरची भीतीही नको.’

या वाक्याची किंमत किती मोठी आहे, हे 2019 साली महाराष्ट्राला कळले. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील 82 हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी 13 हजार 800 हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहा जणींमागे एकीचे. देशपातळीवर 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण शंभरात सुमारे 3 आहे. ‘काढले नाही तर कॅन्सर होईल’ असे आपल्याला सांगितले गेले, असे अनेक स्त्रियांनी सांगितले.

म्हणून आज कॅन्सरचा उपचार काय करू शकतो आणि कोठे थांबतो, हे नीट समजून घेऊ.

तीन मुख्य उपचार

पहिला, शस्त्रक्रिया. गाठ एका जागी असेल तर ती मुळासकट काढता येते. पण पेशी दूर पसरल्या असतील तर सुरी तेथे पोहोचत नाही.

दुसरा, रेडिएशन, ज्याला आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात. त्याचे किरण वाढणाऱ्या पेशींचा नाश करतात. मात्र ते जेथे दिले जातात तेथेच काम करतात, आणि शेजारच्या निरोगी भागालाही थोडी इजा होते.

तिसरा, केमोथेरपी. हे औषध रक्तातून सर्व शरीरात जाते. भराभर वाढणारी प्रत्येक पेशी त्याच्या तडाख्यात सापडते. म्हणूनच केस गळतात, तोंड येते, पांढऱ्या पेशी कमी होतात. केमोनंतर ताप आला तर घरी वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तपासणीशिवाय शस्त्रक्रिया : दोन्हीकडून नुकसान

अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे ही बहुधा जंतुसंसर्गाची किंवा अतिश्रमाची लक्षणे असतात. संसर्ग औषधाने बरा होतो. तेवढ्यासाठी तरुण वयात गर्भाशय आणि त्याबरोबर बीजांडेही काढली, तर पाळी अकाली बंद होते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि त्याच शरीराने पुन्हा मोळी उचलायची असते.

आता उलट बाजू पाहा. समजा, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर खरोखरच आहे. तेव्हा साधी पिशवी काढणे बहुधा पुरेसे नसते. आजूबाजूचा भाग व गाठी काढणारी मोठी शस्त्रक्रिया, किंवा रेडिएशन व केमो एकत्र, असा उपचार लागतो. तपासणी न करता पिशवी काढली तर रोग मागे राहू शकतो आणि पुढचा योग्य उपचार अवघड होतो. म्हणजे कॅन्सर नसेल तरी नुकसान, असेल तरी नुकसान. भीती हे निदान नव्हे. निदान तपासणीने आणि तुकडा तपासून होते.

खरी मर्यादा वेळेची

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तिसऱ्या टप्प्यातील 850 स्त्रियांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध केला. नुसते रेडिएशन मिळालेल्यांपैकी पाच वर्षांनी शंभरात सुमारे 46 हयात होत्या. केमोची जोड मिळालेल्यांपैकी 54. औषधाने आठ जणी अधिक वाचवल्या, ही उपचाराची ताकद. तरीही जवळपास निम्म्या गेल्या, ही उशिरा येण्याची किंमत.

आता शेजारी पाहा. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, 1999 पासून 30 ते 59 वर्षांच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. एका गटातील सुमारे 34 हजार स्त्रियांसाठी एच.पी.व्ही. या विषाणूची तपासणी एकदाच ठेवण्यात आली, आणि ज्यांच्यात दोष आढळला त्यांच्यावर उपचार झाले. 2009 साली निष्कर्ष आले. या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने 34 मृत्यू झाले. अशी तपासणी न मिळालेल्या सुमारे 31 हजार 500 स्त्रियांमध्ये 64. एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले.

आपण काय करावे?

1. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त स्राव, स्तनात गाठ, तोंडातील न भरणारी जखम, यांपैकी काहीही असेल तर लाज न बाळगता शासकीय रुग्णालयात दाखवा. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आपल्या जिल्ह्यातच आहे.

2. तिशी ओलांडलेल्या बहिणींनी त्रास नसतानाही तपासणी करून घ्यावी. 9 ते 14 वर्षांच्या मुलींसाठी एच.पी.व्ही.ची लस आहे. तिच्याविषयी डॉक्टरांना विचारा.

3. पिशवी काढायला सांगितले तर दोन प्रश्न विचारा : ‘तपासणीत नेमके काय निघाले? दुसरा उपाय कोणता?’ दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात अपमान कोणाचाच नाही.

4. शेक सुरू झाला की मध्ये सोडू नका. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये सर्व शेक साधारण आठ आठवड्यांत पूर्ण व्हावा लागतो. लांबला तर गुण कमी येतो. फडावरची हजेरी बुडेल, पण बाईचा जीव राहील. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार मोफत आहेत. बार्शी आणि छत्रपती संभाजीनगर येथे रेडिएशनची सोय आहे.

बरे होणे शक्य नसते तेव्हा

कधी डॉक्टर सांगतात की रोग आता आवाक्याबाहेर आहे. तेव्हा उपचार संपतो, शुश्रूषा संपत नाही. मॉर्फिनच्या गोळ्यांनी तीव्र वेदनाही आटोक्यात येतात. त्या मागण्यात श्रद्धेची उणीव नाही. वेदनाशामक औषधे घेण्यास पोप पायस बारावे यांनी 1957 सालीच मान्यता दिली होती. शरीराला झेपणार नाही आणि ज्यातून लाभ होणार नाही असा उपचार थांबवणे म्हणजे रुग्णाला मारणे नव्हे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. शेत विकून निरर्थक उपचार करण्यापेक्षा आजारी माणसाच्या उशाशी बसणे अधिक मोलाचे.

या आठवड्यात घरी सर्वांनी मिळून एक प्रश्न विचारावा : आपल्या आईने, पत्नीने, सुनेने कोणते दुखणे अंगावर काढले आहे? टोळी निघण्यापूर्वी तिला दवाखान्यात नेऊ या.

आपला,
धर्मगुरू