समुपदेशक व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी तारकर्लीची. मानसशास्त्रात बी.ए. झाले आहे. चर्चमधल्या जोडप्यांसाठी समुपदेशक व्हायचंय. सेमिनरीत शिकू की विद्यापीठात?

उत्तर : माझं मत, आधी विद्यापीठात. मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात पदव्युत्तर पदवी घ्या. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, 1955 पासूनचं निर्मला निकेतन आहे. सेमिनरीची वाट लांबची. सेमिनरींच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटच्या एम.टीएच.ला, म्हणजे ईशशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीला, आधी त्याच विषयातली बी.डी. लागते. प्रवेश मिळेपर्यंत पोप फ्रान्सिस यांचं कुटुंबावरचं 2016 चं पत्र ‘आमोरिस लेतित्सिया’ वाचा.

प्रवेशाआधी एक नक्की विचारा : अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष किती तास काम करायला मिळेल? नवरा बोटीवर, बायको होमस्टे सांभाळतेय, सासू पलीकडच्या खोलीत. अशा घराचं दुखणं पुस्तकातून कळत नाही. ते मालवणीतच ऐका. वाडीत सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून ऐकलेलं जिवापाड जपा, अगदी फादरांपासूनही. आणि मारहाण असेल तिथे ‘सांभाळून घे’ कधीच म्हणू नका. आधी त्या बाईची सुरक्षितता. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतो. आपल्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याची ओळख आत्ताच करून घ्या.