मेक्सिकन शैली : रक्तातली की तालमीतली?

‘मेक्सिकन शैली’ म्हटली की मार खात पुढेच सरकणारा, माघार ठाऊक नसलेला योद्धा डोळ्यांपुढे येतो. हे चित्र मुष्टियुद्धातले. हुलिओ सेसार चावेस हा त्याचा आदर्श नमुना. त्याचा डावा आकडी ठोसा प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या बरगडीखाली, नेमका यकृतावर बसे. असा ठोसा बसला की क्षणभराने पायच गळतात. तेथे जिद्द कामी येत नाही. १७ मार्च १९९० रोजी मेल्ड्रिक टेलरविरुद्ध दोन पंचांच्या गुणपत्रिकेत चावेस मागे होता. तरी शेवटच्या फेरीची २ सेकंदे उरली असताना त्याने लढत जिंकली.

पण ही शैली मेक्सिकनांच्या रक्तातच असते, हे म्हणणे पटत नाही. कझाकस्तानचा गेन्नादी गोलोव्हकिन आपल्या खेळाला अभिमानाने ‘मेक्सिकन शैली’ म्हणे! उलट, मेक्सिकोचाच हुआन मान्वेल मार्केस संधीची वाट पाहून प्रतिठोसा मारणारा.

मिश्र युद्धकलेत, म्हणजे एमएमएत, तर लाथा, गुडघे आणि कुस्तीही चालते. पोटावर ठोसा मारण्यासाठी वाकलेले डोके तेथे आयतेच गुडघ्याच्या टप्प्यात येते. मेक्सिकोत जन्मलेला पहिला यूएफसी विजेता ब्रँडन मोरेनो २०२१ साली जिंकला तो ठोशाने नव्हे, पाठीमागून गळा आवळून. २०२३ मध्ये अलेक्सा ग्रासोने व्हॅलेंटिना शेवचेन्कोला पाठीमागूनच पकड घालून नमविले. शेवचेन्कोची गिरकीची लाथ हुकली, पाठ वळली, आणि ग्रासोने ती तत्काळ धरली. हे शिक्षण ग्वादालाहारातील, काका फ्रान्सिस्को ग्रासो यांच्या तालमीतले.