डोळे का शिणतात ?

परीक्षा जवळ आली की महाविद्यालयातील ताई-दादांची एकच तक्रार ऐकू येते : डोळे चुरचुरतात, कपाळ दुखते, अक्षरे पुसट दिसतात. 'वाचून वाचून डोळे जातील,' असे घरची मोठी माणसे म्हणतात. हे कितपत खरे आहे ?

प्रथम एक प्रयोग करा. एक डोळा तळहाताने झाका. दुसऱ्या डोळ्यासमोर पेन्सिल हातभर अंतरावर धरा आणि तिच्या टोकाकडे पाहत ती हळूहळू जवळ आणा. सुमारे १० सेंमी. अंतरावर टोक पुसट होते व डोळ्यावर ताण जाणवतो. दूरचे पाहताना नेत्रभिंगाभोवतीचा स्नायू सैल असतो. जवळचे पाहताना तो आकुंचन पावतो, भिंग फुगीर होते आणि प्रतिमा दृष्टिपटलावर स्पष्ट पडते. यालाच समायोजन म्हणतात. पुस्तक किंवा मोबाइल तासन् तास जवळ धरला, तर या स्नायूला विश्रांतीच मिळत नाही.

दुसरे कारण अश्रूंचे. एरवी आपली पापणी मिनिटाला सुमारे १५ वेळा लवते आणि दर वेळी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरवते. पडद्याकडे टक लावून पाहताना ती खूपच कमी लवते. जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो, हवा कोरडी असते. त्यात पंख्याचा झोत तोंडावर घेतला की हा थर लवकर वाळतो आणि डोळे चुरचुरतात.

अशा शिणाने डोळे जात नाहीत. विश्रांतीने तो उतरतो. मात्र तो वारंवार येत असेल, तर कारण शोधलेच पाहिजे. दूरदृष्टितेचा थोडा दोष असलेल्या तरुणाला फळा व पुस्तक दोन्ही स्पष्ट दिसू शकतात. पण त्यासाठी त्याचा स्नायू अखंड राबत असतो. डोके दुखते म्हणून तो अभ्यास टाळतो आणि आळशी ठरतो. खरे तर त्याला हवा असतो फक्त चष्मा !

भारतात १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शालेय विद्यार्थ्यांच्या नेत्रतपासणीचाही समावेश आहे. जालन्यात श्री गणपती नेत्रालय हे डोळ्यांचे मोठे रुग्णालय आहे. तपासणीला लाजू नका.

आणि रोज एवढे करा : दर २० मिनिटांनी निदान २० सेकंद ६ मीटरपलीकडे पाहा, पापण्या मुद्दाम लववा, डोळे चोळू नका आणि संध्याकाळी मैदानावर खेळायला जा.